पेवात ठेवलेला पासपोर्ट

माझा पासपोर्ट खराब झाला त्यात कुणाची चूक नव्हती, असं मी पन्नास वर्षं सांगत आलो. आता आई नाही, बिराप्पाही नाही. तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. चूक माझी होती.

साल शेहेचाळीस. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. आमचं गाव सांगलीपासून तीन कोसांवर, म्हणजे सांगली संस्थानात. आणि आमच्या शेताखालचा ओढा ओलांडला की आष्ट्याकडचं शिवार, म्हणजे इंग्रजांचा सातारा जिल्हा. आमची म्हैस रोज सकाळी ओढा ओलांडून इंग्रजांच्या मुलखात चरायला जायची आणि संध्याकाळी संस्थानात येऊन दूध द्यायची. तिला कुणी कधी कागद विचारला नाही. मला मात्र कागद लागला, कारण मला मोंबासाला जायचं होतं.

मोंबासा आफ्रिकेत. तिथं माझे मेहुणे जिनदत्त यांचं मसाल्याचं दुकान. माझी धाकटी बहीण गुणमाला लग्न होऊन तिकडं गेली आणि पाठोपाठ लढाई लागली. बोटी सगळ्या पलटणींच्या कामाला गेल्या. सात वर्षं तिचं तोंड दिसलं नाही. आमच्या आईनं, म्हणजे आक्काताईनं, पहिल्याच वर्षी नेम घेतला : लेकीचं तोंड बघेपर्यंत गूळ खाणार नाही. आम्हां जैनांच्या घरात असे नेम घेतात आणि एकदा घेतला की मोडत नाहीत. पण आमच्या घरचं उसाचं गुऱ्हाळ! थंडीत काहिलीत गूळ शिजायला लागला की माश्यासुद्धा चार गावांहून यायच्या, आणि आमची आई मात्र नाकाला पदर लावून लांबून जायची. सात वर्षं ती बिनगुळाचा चहा प्यायली. तो चहा मी एकदा चुकून प्यायलो होतो. म्हणून मी मोंबासाला जायचं ठरवलं.

पासपोर्टाचा अर्ज लढाई संपल्या संपल्याच संस्थानच्या कचेरीतून कोल्हापूरला गेला, कोल्हापूरहून आणखी कुठं गेला, आणि आठ महिने देशाटन करून निळ्या पुठ्ठ्याची वही होऊन परत आला. आत माझा फोटो, फेट्यासकट. नाव भूपाल. आणि एका रकान्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. ते वाचायला मी आष्ट्याच्या नाथाजीला बोलावलं. नाथाजी पलटणीतून हवालदार होऊन आलेला, माझा जुना दोस्त. मिशीला पीळ देत त्यानं वाचलं,

"ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन. सांगली स्टेट."

"म्हंजी?"

"म्हंजी तुला इंग्रजांनी जपून ठेवलाय. आमी आष्ट्याचं लोक त्यांचं सोताचं, आमाला जपत न्हाईत. लढाईला धाडत्यात." मग त्यानं वही उलटीसुलटी करून बघितली. "भूपाल गड्या, मी बसरा बघितलं, मिसर बघितलं, इटलीत द्राक्षं खाल्ली. मला कुणी असली वही इचारली न्हाई."

"तुझ्या हातात बंदूक हुती."

"ते बी खरंच हाय म्हणा."

वही आली, पण बोटीत जागा नव्हती. कंपनीनं कळवलं, नाव लिहून ठेवलंय, पाळी आली की तार करू. पाळी चार महिन्यांनी येईल की वर्षानं, कुणाला ठाऊक नव्हतं. तोवर वही ठेवायची कुठं? आमच्या घरात जमिनीचा जुना कागद उंदरांनी खाल्लेला. पेटीत ठेवलेल्या माझ्या लग्नाच्या कोटाला कसर लागलेली. कोनाड्यात वाळवी. आई म्हणाली, देवघरात ठेव. पण देवघरातल्या दोन पोथ्यांचं झुरळांनी आधीच पारायण केलेलं होतं.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. हळदीच्या पेवात ठेवायची.

पेव बघितलं नसेल त्याच्यासाठी सांगतो. सांगलीकडं हळद जमिनीच्या पोटात ठेवतात. वरून तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल इतकं. आत खाली पोट रांजणासारखं फुगलेलं, दोन पुरुष खोल. त्यात हळकुंडं भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. आत ना हवा, ना पाणी, ना किडा. सहा-सहा वर्षं हळद जशीच्या तशी राहते. आमच्या आजोबांना एकदा पेव लिंपताना शिंक आली, ती आतच राहिली. चार वर्षांनी पेव उघडलं तेव्हा बाहेर आली. आजोबा तोवर वारले होते, पण शिंक त्यांचीच, हे आजीनं ओळखलं. एवढं जपणारी जागा सोडून पासपोर्ट कोनाड्यात ठेवणारा मी मूर्ख नव्हतो.

वैशाखात हळद पेवात भरायला बिराप्पा आला. पेवाच्या कामात त्याच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मी पासपोर्ट पत्र्याच्या डब्यात घालून त्याच्याकडं दिला. त्यानं डबा परत केला.

"पेवात लोखंड न्हाई चालत, अण्णा. गंज हळदीला लागतो."

"मग?"

"फडक्यात बांधून द्या की. फडकं चालतंय."

मी धोतराच्या धुवट फडक्यात वही बांधून दिली. बिराप्पानं ती मधोमध हळकुंडांत ठेवली, वरून आणखी हळद ओतली, फरशी घातली आणि लिंपून टाकलं. मी निवांत झालो. त्या पावसाळ्यात नदी ओट्यापर्यंत आली, उंदीर माळ्यावर गेले, कसरीनं माझा दुसरा कोटही खाल्ला, आणि मी सगळ्यांकडं बघून हसत होतो.

दिवाळीत मोंबासाहून पत्र आलं. जिनदत्तांनी लिहिलं होतं : गुणमालेला दिवस गेले आहेत, तिसरा महिना चालू आहे. सात वर्षांनी देवानं हे दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, आईच्या हाताखाली, एवढीच ती मागते. मला दुकान सोडून येता येत नाही. तुम्ही आलात तर तुमच्या सोबत पाठवतो. पण सातवा लागायच्या आत निघालं पाहिजे, नंतर बोटवाले घेत नाहीत.

आईनं पत्र तीनदा वाचून घेतलं. मग उठून ओसरीवर गेली, परत आली आणि म्हणाली, "खोली सारवून घ्याय पायजे."

महिन्याभरानं तार आली. जागा मिळाली होती. बोट डिसेंबरच्या मध्याला. ही चुकली तर पुढची जागा अडीच महिन्यांनी.

लगेच बिराप्पाला बोलावलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही; आतली कोंडलेली हवा माणसाला गुंगवते. फरशी काढली, दिवसभर तोंड उघडं ठेवलं, दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला. दुसऱ्या दिवशी सोडला, तो मिणमिण करत राहिला. तेव्हा बिराप्पा उतरला. आम्ही वर वाकून बसलेलो : मी, आई आणि नाथाजी.

"सापडलं का?" आईनं हाक मारली.

"सापडलं, आक्काताई!"

"बरं हाय न्हवं?"

खालून उत्तर आलं. "झ्याक हाय. जरा पिवळं झालंय."

जरा म्हणजे काय, ते वर आल्यावर कळलं. हळदीला पेवात घाम येतो, हे मला ठाऊक होतं. तो फडक्यातून आत जातो, हे सुचलं नव्हतं. निळा पुठ्ठा हिरवा झाला होता. आतलं पान न् पान पिवळंजर्द. फोटोतला मी हळद लागलेल्या नवरदेवासारखा बसलो होतो. जन्मतारखेची शाई पसरून माझं वय दीडशे वर्षं दिसत होतं. बाकी वहीला काही झालं नव्हतं. एक पान फाटलं नव्हतं, एक भोक नव्हतं.

"पलटणीत डाग म्हंजी साबण," नाथाजी म्हणाला आणि मी नको म्हणेपर्यंत त्यानं शेवटच्या पानाच्या कडेला ओला साबण चोळला. बघता बघता तेवढी जागा लालभडक झाली.

"अगंबया, कुंकू!" आई हात जोडून म्हणाली. "शकुन झाला रं. लेकीचं नीट हुणार."

"शकुन न्हवं आक्काताई, सत्यानाश झालाय," मी म्हणालो. घाबरलो की मी आईला गावासारखं आक्काताई म्हणायचो.

आई हसली. आत जाऊन अर्धं लिंबू घेऊन आली आणि लाल जागेवर दोन थेंब पिळले. लाल गेला, परत पिवळं झालं. हळदीला खार लागला की लाल आणि आंबट लागलं की पिवळी. आमच्याकडच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. पण पांढरं कशानं होतं, ते आईलाही ठाऊक नव्हतं.

नवा पासपोर्ट करायला आठ महिने. बोटीला पंधरा दिवस. नाथाजी म्हणाला, "चल तसाच. मी येतो ममईपातूर. सायबापुढं कसं हुबं ऱ्हायाचं ते मी दावतो." त्यानं मला वीस लिंबं बरोबर घ्यायला लावली. "बोट लागती गड्या. पोटात ढवळाय लागलं की लिंबू हुंगायचं."

मुंबईला गोदीच्या फाटकावर नाथाजीला अडवलं. पुढं फक्त जाणाऱ्यांनी जायचं. तो तिथंच सावधान उभा राहिला आणि मला म्हणाला, "छाती पुढं. पाय जुळवून. आन् कमी बोल."

मी रांगेत उभा राहिलो. एका मेजावर कारकून पासपोर्ट बघायचा आणि बरोबर असला तर मागच्या खोलीत गोऱ्या साहेबाकडं शिक्क्याला न्यायचा. कारकून चाळिशीचा, डोक्यावर काळी टोपी. मधून मधून मेजाखाली हात घालून तळहातावर तंबाखू मळत होता; चुना लावलेला अंगठा चांगला तरबेज चालत होता. साहेबाच्या खोलीचं दार वाजलं की हात धोतराला पुसायचा.

माझी पाळी आली. त्यानं वही उघडली आणि नाकाजवळ नेली.

"हे काय?"

"पासपोर्ट."

"ते दिसतंय. पिवळा का?"

"हवा दमट होती, साहेब."

"दमट हवेनं बुरशी येती, पिवळं न्हाई हुत. कागदाला कावीळ झालीय व्हय?"

त्याची जीभ घसरली आणि मी पकडली. "साहेब, तुमी साताऱ्याकडचं का?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "कोरेगाव. लालासाहेब म्हणत्यात मला. तुमी?"

"आष्ट्याच्या शेजारचा. ओढ्याच्या अलीकडं. सांगली संस्थान."

"गाववालं हाय तुमी, बरं वाटलं. पर कागद त्यो कागद." त्यानं फोटोवर बोट ठेवलं. "हितं तोंड कळंना. हितं जन्मसाल कळंना. असल्या पासपोर्टावर सोडायचं न्हाई, हुकूम हाय. नवा करून आणा. चार-सहा म्हयने लागतील."

"चार महिन्यांनी काय उपयोग, साहेब? तोवर नववा सरंल."

"कुणाला?"

"बहिणीला. मोंबासाला हाय. तिला आणाय चाललोय मी."

लालासाहेबानं वहीवरचं बोट उचललं. "पयलं?"

"पयलंच. लग्नाला सात वर्षं झाली. आई वाट बघाय लागलीय. सातव्याच्या आत आणायचं, न्हाईतर बोटवाले घेत न्हाईत. तिथं तिच्याजवळ बाईमाणूस कुणी न्हाई."

"आरं तिच्या," तो हळूच म्हणाला. माझ्या मागं चार माणसं खाकरत होती. त्यानं वही माझ्याकडं सरकवली नाही, पुढंही नेली नाही. एक तरी पान धड निघतंय का बघावं म्हणून पानं चाळायला लागला. चाळता चाळता शिक्क्याच्या कोऱ्या पानावर त्याचा उजवा अंगठा टेकला. अंगठा उचलला तिथं हळूहळू लाल ठसा उमटला. रेघान् रेघ स्पष्ट, कुणी कुंकवात बोट बुडवून ठेवावं तसा.

लालासाहेबाचं तोंड पांढरं पडलं. त्यानं अंगठ्याकडं बघितलं, ठशाकडं बघितलं, साहेबाच्या दाराकडं बघितलं. "मेलो," तो म्हणाला. "तंबाखूचा डाग पडला. गेल्या म्हयन्यात एका मेमसायबाच्या कागदावर पडला हुता. पुन्हा पडला तर घरी जा म्हणलाय सायब." आणि धोतराच्या सोग्यानं तो ठसा पुसायला लागला. चुना पसरला, ठसा रुपयाएवढा होता तो पुरणपोळीएवढा झाला.

खरं सांगायचं तर तेव्हा माझी बुद्धी फिरली. मनात आलं, आता हा माझ्या मुठीत आहे. वरिष्ठाला सांगतो म्हणालो असतो तर त्यानं मला पाठीवर घेऊन बोटीत सोडलं असतं. पण त्याच्या कपाळावरचा घाम बघितला आणि आईचं शकुन म्हणणं आठवलं. शकुनाला धाक घालून चालत नाही. मी बोचक्यातनं लिंबू काढलं, दातानं टोक तोडलं आणि पानावर पिळलं.

लाल ठसा आमच्या डोळ्यांदेखत पुसून गेला. पान परत पिवळं.

लालासाहेबानं पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हाराज, कंचा मंतर म्हणायचा ह्यो?"

"मंतर न्हाई. तुमचा चुना आन् आमची हळद. पेवात ठेवला हुता पासपोर्ट."

"पेवात?"

"जपून ऱ्हावा म्हणून."

त्यानं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून बाहेर आलं. मग टोपी सारखी केली, वही उचलली आणि मला म्हणाला, "माज्या मागनं या. बोलू नगा."

साहेबानं वही हातात घेतली आणि भुवया उंचावल्या. इंग्रजीत विचारलं, ही पिवळी का?

"सांगली स्टेट, सर," लालासाहेब छाती काढून म्हणाला. "तिकडचे पिवळेच असतात."

आता हिंदुस्थानात तेव्हा साडेपाचशेच्या वर संस्थानं. कुणाचा झेंडा कसा, कुणाचं तिकीट कसलं, हे साहेबाला कुठलं ठाऊक असायला? त्यानं वही हुंगली. हा वास कसला?

"प्रोटेक्शनचा, सर. वाळवी लागू नये म्हणून."

साहेबानं आत बघितलं. तिथं खरंच लिहिलेलं होतं : ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन. त्यानं मान डोलावली, "फार शहाणपणाची पद्धत" असं काहीसं म्हणाला आणि शिक्का मारला. मारून झाल्यावर खणातली एक चोपडी काढून त्यात काहीतरी टिपून घेतलं. ते काय, हे मला पुढं कळलं.

फाटकापलीकडं नाथाजी अजून सावधान उभा होता. मी लांबून वही हलवली. त्यानं असा सलाम ठोकला की शेजारच्या दोन हमालांनीही डोक्यावरचं ओझं टाकून ठोकला.

मोंबासा बंदर छान आहे, नारळाची झाडं आहेत. त्याबद्दल एवढं पुरे. मी तिथल्या कामाचं सांगतो. दुकानाच्या मागच्या खोलीत गुणमाला बसली होती. पोट दिसायला लागलेलं, पण गाल बसलेले. जिनदत्त म्हणाले, "काही खात नाही. अन्न समोर आलं की उठून जाते. वैद्य झाले, डॉक्टर झाले."

मी तिच्या शेजारी बसलो, आईचं सांगितलं, खोली सारवल्याचं सांगितलं. ती ऐकत होती, पण नाक फुलवून इकडंतिकडं बघत होती.

"दादा, हा वास कसला?"

मी कोटाच्या खिशातून पासपोर्ट काढला. तिनं तो हिसकावून घेतला, नाकाला लावला आणि डोळे मिटले. किती वेळ! मग डोळे उघडून म्हणाली, "आपल्या पेवाचा. वैशाखात बिराप्पा फरशी ठेवतो ना, तेव्हा असा येतो." आणि लगेच म्हणाली, "मला भूक लागलीय."

त्या दिवशी तिनं तीन भाकरी खाल्ल्या. दुकानात हळदीची पोती होती, पण ती चालेना. ती हळद कुठली कुठली. पुढं पंधरा दिवस तिच्या ताटाशेजारी माझा पासपोर्ट उघडा ठेवावा लागायचा, चटणी ठेवतात तसा.

जानेवारीत आम्ही परत निघालो. सहावा महिना चालू होता. समुद्र खवळलेला, बोटीत खलाशीसुद्धा आडवे झाले. गुणमाला मात्र पासपोर्ट नाकाशी धरून खुर्चीत निवांत. मी लिंबू हुंगत पडलेलो. चौथ्या दिवशी मी डोळे उघडून बघतो तर तिचा जबडा हलत होता.

"काय खातीस गं?"

"काही नाही."

"तोंड उघड."

तिनं उघडलं नाही. मी वही घेऊन बघितली. शेवटच्या पानांचा वरचा कोपरा, पुठ्ठ्यासकट, नव्हता.

"मला राहवलं नाही, दादा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. डोहाळेवालीला काय बोलणार? बायका चुलीची माती खातात. हिनं सरकार खाल्लं. "दुसरा कोपरा खाऊ नको, एवढंच," मी म्हणालो.

गोदीत लालासाहेब होताच. त्यानं आधी गुणमालेला बसायला खुर्ची दिली, मग वही बघितली.

"आता कोपरा कुठाय?"

"बहिणीनं खाल्ला."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. साहेबाच्या खोलीत मात्र साहेबानं विचारलं. लालासाहेबाची पापणीही लवली नाही.

"सांगलीची पद्धत, सर. एक फेरी झाली की एक कोपरा काढतात. रेल्वेच्या तिकिटाला भोक पाडतात तसं."

"म्हणजे चार फेऱ्या?"

"चारच, सर."

साहेबानं खणातली चोपडी काढली आणि तेही टिपून घेतलं.

याचा ताप पुढं दुसऱ्याला झाला. त्याच उन्हाळ्यात सांगलीचे एक मोठे व्यापारी एडनला निघाले होते. त्यांचा पासपोर्ट कोरा करकरीत निळा. साहेबानं चोपडी काढून बघितली आणि त्यांना बाजूला उभं केलं : हा सांगलीचा असेल तर पिवळा का नाही? त्यांनी घरी तार केली, घरच्यांनी आमच्याकडं माणूस पाठवला, आणि आईनं अर्धा शेर हळद पुडीत बांधून दिली. वही दोन दिवस हळदीत ठेवली तेव्हा सोडलं म्हणे. खोटं वाटत असेल त्यानं त्या चोपडीचा शोध घ्यावा. मी टिपलेलं नाही, साहेबानं टिपलंय.

घरी येताना पुण्याहून मिरजेची गाडी धरली. कोरेगाव स्टेशनवर गाडी थांबली, तर एक म्हातारी डब्याडब्यात डोकावत चाललेली. "सांगलीची पिवळी मानसं हितं हायती का?"

ती लालासाहेबाची आई रंगूबाई. लेकानं कार्ड टाकलं होतं. तिनं खिडकीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि घेवड्याची उसळ दिली. "खा गं बाई. लसूण न्हाई घातला, त्यानं लिवलं हुतं." गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालत आली. "पोरगी झाली तर कळवा. पोरगा झाला तरी कळवा."

सांगली स्टेशनवर नाथाजी गाडी घेऊन आला होता. बैल सावकाश चालले पाहिजेत म्हणून त्यानं त्यांना सकाळपासून समजावलेलं. ओसरीवर आई उभी होती. गुणमाला उतरली. आई पुढं आली नाही. जागच्या जागी उभी राहून नुसती बघत राहिली. मग गुणमालाच वर गेली, आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि आईच्या तोंडात घातला. आईनं चघळला. आम्ही सगळे तिच्याकडं बघत उभे.

"लागंना गं गोड," आई म्हणाली. "चव इसारली जणू." मग हात पुढं करून, "आनी एक दे बघू."

वैशाखात गुणमालेला मुलगी झाली. त्याच दिवशी सकाळी बिराप्पानं नव्या हळदीचं पेव लिंपलं होतं. त्याच्या हाताला माती तशीच होती. मी कोरेगावला कार्ड टाकलं. मुलीचं नाव विजयमाला ठेवलं, आणि तिच्या वर्षाच्या आत सांगली संस्थान विलीन झालं. ओढ्याच्या अलीकडं आणि पलीकडं एकच सरकार झालं. आमच्या म्हशीला त्यात काही फरक पडला नाही. माझा पासपोर्ट मात्र अशा सरकारचा झाला, जे कुठं नव्हतंच. कोपरा गेलेला, रंग गेलेला, सरकार गेलेलं. तरी वाळवी लागली नाही.

तो अजून माझ्या पेटीत आहे. विजयमाला आता स्वतः आजी झालीय. परवा आली, पेटी उघडून बसली आणि ती वही नाकाशी नेली. वास अजून आहे.

"मामा," ती म्हणाली, "कोपऱ्यापाशी जरा तुरट लागतं, मग मागनं गोड."

"तुला काय ठाऊक? तुझ्या आईनं खाल्ला तो."

"मी कुठं होते तेव्हा?"

मी वही तिच्या हातातून काढून घेतली आणि पेटीला कुलूप लावलं. अजून तीन कोपरे आहेत.